मांगं पाह्य

बार्न्सलीतल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात
वॉर्डातल्या मॉरीनने मला ओढतच नेलं.
म्हणाली, नाटक आहे, पण नाटकाला बसतात तशी बसू नकोस.

पडदा सरकला आणि सहा फुटी बाई आली.
छातीत दोन फुगे, गालांवर टोमॅटोएवढा रंग,
पावडरीखालून डोकावणारी दाढीची निळी सावली.
एरवी हा गृहस्थ आमच्या हॉस्पिटलाची बस चालवायचा.
खलनायक दर वेळी डावीकडूनच यायचा,
आला की आठशे माणसं एका घशाने हुर्यो करायची.
आणि भूत बाईच्या पाठीशी येऊन उभं राहिलं की
पोरं, आज्या, काठी टेकत आलेले पेन्शनर
बेंबीच्या देठापासून ओरडायचे: मागे बघ, मागे!
बाई वळायची.
भूतही वळायचं.

सगळे हसले. मला मारबत आठवली.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांच्या खांद्यावर मी,
खाली बुधवारीची गर्दी, गुलाल, घाम,
आणि माझ्याहून मोठा माझा आवाज:
खोकला घेऊन जा गे मारबत,
उधारी घेऊन जा गे मारबत!
मॉरीनला सांगायला गेले
तर त्या 'गे'ला इंग्रजीत जागाच सापडेना.

परवा गोकुळपेठेच्या कॉलेजात गौतमीचं नाटक होतं.
भाची माझी. दिग्दर्शक. तीन आठवडे नीट जेवली नव्हती.
मार्च महिना, तरी पंखे बंद, संवाद ऐकू यावेत म्हणून.
दारावर कागद: शांतता राखा, टाळ्या शेवटी.
तिथे ओरडायचे पैसे भरले होते आम्ही,
इथे गप्प बसायचा पास फुकट मिळाला.

आईचं काम करणाऱ्या पोरीला ऐनवेळी घरून नाही म्हटलं
म्हणून हर्षल बोकडे, मेकॅनिकल, तिसरं वर्ष,
माझ्या हिरव्या साडीत आला.
मनगटावर केस, पायात स्वतःच्याच चपला.
मागच्या रांगा खिदळल्या. विंगेत गौतमीने डोळे मिटले.

पण तो ताट वाढत होता.
अंबाझरीत बुडालेल्या मुलाचं ताट,
भातावर वरण, वरणावर तूप, हळू,
जसं रोज वाढतात तसं.
खिदळणं कुठे गेलं कळलं नाही.
आणि मुलगा आला. मागे उभा राहिला,
हातात ओले बूट.

कोणी काही बोललं नाही.
माझ्या तोंडात तो शब्द आला होता, खरंच,
दातांच्या आत अडवून धरला होता.
तेवढ्यात शिपाई दमडूभाऊंची नात
पहिल्या रांगेतून उभीच राहिली:
"मावशे, मांगं पाह्य नं! थो मांगंच उभा हाये!"

हर्षल वळला.
हे संहितेत नव्हतं.
मुलगाही सरकला, त्याच्या पाठीशी राहत.
पुन्हा वळला. पुन्हा सरकला.
काही जण हसले, आणि ते हसू
अर्ध्यातच कुठेतरी ठेवून दिलं त्यांनी.
पिहू मात्र ओरडतच होती,
तिला वाटत होतं, अजून थोडं जोरात ओरडलं तर दिसेल.

परीक्षकांनी लिहिलं: प्रयोगात शिस्तीचा अभाव.
गौतमी मेकअप रूमच्या पायरीवर बसून रडली.
हर्षल पदराच्या पिना काढत म्हणाला,
सॉरी यार, मी ॲक्टिंग नव्हतो करत,
मला वाटलं दिसेल.
दुसरा पोरगा बूट पिळत होता. तो का सरकला
हे त्यालाही सांगता येईना.

मी तिला मॉरीन सांगितली, बस ड्रायव्हर सांगितला, फुगे सांगितले.
ती म्हणाली, आत्या, ते विनोदी असतं गं.
हो, म्हटलं. असतं.

रात्री ती स्कूटर चालवत होती,
मी मागे, मांडीवर साडीची पिशवी,
साडीला तुपाचा वास.
लॉ कॉलेज चौकात सिग्नल लागला
तर हिने एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ.
समोर बघ, म्हटलं,
हिरवा झालाय.